पास्कूभाऊंची शिट्टीबंदी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या वाडीत प्रेशर कुकर बंद होतात. हा कायदा सरकारचा नाही, पास्कूभाऊंचा आहे. सकाळी डाळ लावलेली असते, पहिली शिट्टी पुरती झालेलीही नसते, तोच मागच्या दारी एक माकडटोपी उगवते आणि टोपीतून दबका आवाज येतो, "वैनी, शिट्टी नको वो. तळ्यावर मंडळी बसलीत."

मंडळी म्हणजे बदकं. आमची वाडी सावर्ड्यापासून जरा आत, तळ्याच्या बांधाला लागून आहे. थंडीत या तळ्यावर कुठून कुठून बदकं येऊन उतरतात. आम्हा बाकीच्यांना ती सगळी सारखीच. पास्कूभाऊंना मात्र थापट्या वेगळा, तलवार बदक वेगळं, आणि वारकरी तर मुळात बदकच नव्हे. "आज हळदीकुंकू आलंय," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी कोणाकडे म्हणून विचारलं होतं आणि साडी कोणती नेसावी याचा विचारही करून ठेवला होता. तेही बदकच निघालं.

पास्कूभाऊ उमेदीची सगळी वर्षं बोटीवर होते, स्वयंपाकी म्हणून. अख्ख्या बोटीला जेवू घालणारा हा माणूस आता एका टोपात मूठभर भात शिजवतो आणि आम्हालाही तोच धडा देतो. "आधणात टाका तांदूळ. वर झाकण ठेवा. भाताला कशाला भोंगा?" गॅस किती जळतो हे त्यांना सांगून उपयोग नाही. बोटीवर गॅसचं बिल त्यांना कधी आलं नव्हतं.

आमच्याकडची थंडी ती काय! एक पातळ चादर पुरते. पण पास्कूभाऊ बोटीवरचा निळा जाड कोट चढवतात, गळ्यात दुर्बीण अडकवतात, वर ती माकडटोपी, आणि बांधावर घाम पुसत उभे राहतात. कोणी मोठ्याने बोललं की गप्प करायला बोट वर. कोणी शिंकलं तरी बोट वर. एकदा आमच्या ह्यांनी न राहवून विचारलं, "पास्कूभाऊ, पलीकडून रेल्वे जाते ती केवढ्यांदा ओरडते. तेव्हा तुमची मंडळी हलत नाहीत, आणि आमच्या कुकरला घाबरतात?"

"गाडीची त्यांना सवय हाय," पास्कूभाऊ म्हणाले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांना विषय संपवायचा असला की ते दुर्बीण लावतात, समोर भिंत असली तरी.

या सगळ्याचा मला राग यायचा. यायचा म्हणजे चांगलाच यायचा. पण नाताळच्या आधी ते टेबलाशी बसून जेवायच्या काट्याच्या पाठीवर कलकल, म्हणजे नाताळची गोड शंकरपाळीच, वळतात, एकेक, शिंपल्यासारखी. मग वाडीत घरोघरी ताट जातं. इतकी खुसखुशीत कलकल खाल्ल्यावर माणूस भांडणार कसा? मी रिकामं ताट परत करत नाही, त्यात नारळाच्या वड्या घालून पाठवते, आणि शिट्टीबंदी आणखी एक वर्ष चालू राहते.

त्यांची बायको तेरेजबाई गेल्यापासून मुलगी सिल्वी नाताळला इकडे आलेली नव्हती. ती मुंबईला असते. फोनवर दर वर्षी रजेचं काहीतरी सांगायची. एकदा मात्र माझ्याशी बोलताना खरं सांगून गेली, "काकी, आईशिवाय ते घर बघवत नाही गं." मी ते पास्कूभाऊंना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असणारच.

या वर्षी मात्र गंमत झाली. सिल्वीच्या लेकीला, एलिझाला, शाळेत पक्ष्यांचं वेड लागलं. आजोबांनी फोनवर चक्रवाकाची जोडी कबूल करून टाकली. "नाताळच्या सकाळी बांधावरून दाखवतो. नारिंगी अंगाची, गोऱ्या डोक्याची." आणि पोरीने आईबापांच्या मागे लागून तिकिटं काढायला लावली.

पास्कूभाऊंनी घराला चुना दिला, दारावरच्या चांदणीला नवा कागद चिकटवला. आणि चक्रवाक काही आले नाहीत.

पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला होता. तळं काठोकाठ भरलेलं. या जोडीला पाणी उतरून उघडी पडलेली चिखलाची कड लागते म्हणे, आणि कड तर सगळी पाण्याखाली. बाकीची मंडळी आली, चक्रवाक नाहीत. पास्कूभाऊ सकाळ-संध्याकाळ बांधावर. कोट तसाच, दुर्बीण तशीच, पण बोट वर करणं थांबलं. त्यांच्या समोरून पोरं हाका मारत पळाली तरी काही बोलले नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली.

"नाही आले तर नाही आले," मी म्हटलं. "लेक येते आहे ना तुमची?"

"या खेपेला येते, वैनी. पोरीला पक्षी दाखवतो म्हटलं म्हणून येते," ते म्हणाले. "नाय दिसले तर फुडल्या वर्षी काय सांगून बोलवू? इथे दुसरं हाय काय? मी आणि पानी."

मी घरी आले ती तशीच. ह्यांना सांगितलं. हे माळ्यावर चढले आणि दोन असोले, न सोललेले नारळ घेऊन उतरले.

"लांबून कोणाला काय कळतंय?" हे म्हणाले.

तुळशीला लावून उरलेली तांबडी काव होती, ती नारळांना फासली. करवंटीच्या दोन मोडक्या डवल्या सापडल्या. त्यांचे दांडे खोचले, माना झाल्या. डवल्यांच्या करवंट्यांची झाली डोकी. डोक्यांना चुना. चोचीच्या जागी मी चिंचोके चिकटवले. खरं सांगते, परसात मांडून ठेवली तेव्हा आमचंच मांजर दबा धरून बसलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पास्कूभाऊ स्टेशनवर गेल्याचं बघून ह्यांनी होडीतून जाऊन ती जोडी तळ्याच्या मध्यावर सोडली. वाहून जाऊ नयेत म्हणून सुंभाने दगडाला बांधली.

सकाळी धुकं होतं. मी देवाचे आभार मानले, आणि त्या दिवशी पास्कूभाऊंच्या देवाचेही. बांधावर पास्कूभाऊ, सिल्वी, जावई, एलिझा, आणि सहज आल्यासारखे आम्ही दोघं. पास्कूभाऊंनी दुर्बीण लावली. हात थांबला. बराच वेळ ते बघत राहिले आणि मग त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोटीवर तेवढी वर्षं काढलेल्या माणसाला पाण्यावर तरंगणारी वस्तू कळत नाही, असं आम्हाला वाटलं तरी कसं?

दुर्बीण त्यांनी पुन्हा डोळ्यांना लावली. "चक्रवाक," त्यांनी जाहीर केलं. "जोडी."

तेवढ्यात वारा सुटला. एक चक्रवाक कलंडला आणि डोकं पाण्यात घालून तसाच राहिला.

"खातोय," पास्कूभाऊ म्हणाले.

एलिझाने दुर्बीण मागितली. द्यावी लागली. ती तळ्याकडे बघत होती आणि पास्कूभाऊ, हे आणि मी तिच्याकडे. पास्कूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती. ती टोपी मी थंडीत पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावरून उतरलेली पाहिली.

"आजोबा," ती शांतपणे म्हणाली, "त्याला दोरी बांधली आहे. आणि तो नारळ आहे."

आधी सिल्वी हसली. तोंडावर हात धरून हसायला गेली, ते जमलं नाही, मग बांधावरच बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आई असती तर," ती म्हणाली, "तिनं चोचीसुद्धा रंगवल्या असत्या." तेरेजबाईंची आठवण तिच्या तोंडून इतक्या सहज मी पहिल्यांदाच ऐकली. पास्कूभाऊ लेकीकडे बघत होते. त्यांची टोपी चुरगळून पार बोळा झाली होती.

एलिझाचं मात्र ठरलं होतं. "पुढच्या वर्षी मी रंगवणार. पिल्लू पण करायचं."

'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द ऐकून पास्कूभाऊंनी कोटाची बटणं काढली. उकडत होतंच त्यांना, इतकी वर्षं उकडत होतं.

दुपारी मी वड्यांचं ताट घेऊन त्यांच्याकडे निघाले, तर अंगणातच पाय थबकले. त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. लांब, खणखणीत, पूर्ण. घरोघरची माणसं ओटीवर येऊन बघायला लागली. सिल्वीने आईचा मोठा कुकर माळ्यावरून काढून घासून पुसून शेगडीवर चढवला होता.

पास्कूभाऊ पायरीवर बसले होते. कोट नाही, टोपी नाही.

"काय हो," मी म्हटलं, "मंडळी उडतील की."

"गाडीला उडत नाय, ती शिट्टीला काय उडतील," ते म्हणाले. मग जरा वेळाने, तळ्याकडे बघत, दुर्बीण न लावता बोलले, "तेरेज गेली, आणि सकाळी सगळ्यांच्या घरातून शिट्ट्या यायच्या, वैनी. आमच्या घरात कोणासाठी लावणार कुकर? मला ऐकवायचं नाय ते. म्हणून मग बदकं असतील तेवढे महिने तरी त्यांचं नाव सांगितलं."

आत दुसरी शिट्टी झाली. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

मी ताट ठेवलं आणि घरी आले. डाळ, भात, सगळं सकाळीच झालेलं होतं. तरी मी कुकर काढला, त्यात दोन बटाटे टाकले आणि शेगडी मोठी केली.