दगूची शिट्टी आणि मुकी दाढ

साल २०१९. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शेजारचा दगू तेव्हाही रोज पहाटे माझ्या फाटकापाशी दातांतून शिट्टी मारायचा. मी आतून शिवी दिली की मगच पुढं जायचा. शिवीला उशीर झाला तर पुन्हा शिट्टी. माझी बायको गेली त्या साली ही खोड सुरू झाली.

मी चौथी नापास, पण दिंडोरीकडं द्राक्षाची छाटणी मी आणि दगूनं केली तशी कुणी केली नाही. दगूची कात्री कायम खिशात. काडीवर फुटायचा राहिलेला कोंब दिसला की म्हणायचा, "मुका डोळा!" कमी बोलणाऱ्या माणसालाही तो हेच म्हणायचा. म्हणजे मलाच.

त्याचा गाल सुजला. दोन महिने "वारा लागला" म्हणत हळद लावून बसला. शेवटी मीच त्याला नाशकात नेलं. डॉक्टरीण बाईंनी फोटो दाखवला. जबड्यात एक दाढ आडवी झोपलेली, तिच्याभोवती काळा फुगा.

"दात तयार होतो तेव्हा त्याच्याभोवती पिशवी असते, आजोबा. दात वर आला की तिचं काम संपतं. तुमची अक्कलदाढ वर आलीच नाही. पिशवी तशीच राहिली, पाण्यानं भरत गेली. आता हाड पोखरतेय. काढली नाही तर भाकरी चावतानाही जबडा मोडेल."

"म्हणजे मुका डोळा," दगू खूश झाला. मग म्हणाला, "पण कापायचं नाय. शिट्टी जाईल."

"मसणात गेली तुझी शिट्टी!" मी ओरडलो.

तो माझ्याकडं पाठ फिरवून बाईंना म्हणाला, "याची मंडळी गेल्यापासून हा घरात एकटाच निजतो. सकाळी शिवी आली की कळतं, हाय अजून."

मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिलो.

"शिट्टी जाणार नाही," बाई म्हणाल्या. "पण महिनाभर मारायची नाही."

"महिनाभर? मग याला कोण हाक मारणार?"

दगूच्या घरी तरी कोण होतं?

"मी येईन तुझ्या दारी," मी म्हणालो. "कर ऑपरेशनच्या कागदावर सही, दगड्या."

चार दिवसांनी दाढ काढून झाली, संध्याकाळी त्याला घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या फाटकापाशी गेलो. माझ्या तोंडात दात नाहीत, शिट्टी कुठली? माझ्या छाटणीच्या कात्रीनं फाटक वाजवलं. आतून सुजल्या तोंडानं काहीतरी "हूं हूं" आलं. शिवीच होती, मी ओळखली.

मग पुढं गेलो.