चिंचेच्या फोटोला हार

फोटो काढताना "हसा" न म्हणता "बाजू सरक" म्हणून ओरडणारा फोटोग्राफर आमच्या ब्राह्मणपुरीत एकच, हिरामणआप्पा. स्टुडिओ त्यांचा, पोट पासपोर्ट फोटोंवर. जीव मात्र सारंगखेड्याच्या रस्त्यावरच्या झाडांवर. एकेका झाडासमोर स्टँड मांडून सकाळपासून बसायचे. चौकटीत बकरी आली तर चालायची. माणूस आला की आप्पा भडकलेच. सावलीत टेकलेल्या सरपंचांनाही त्यांनी एकदा उन्हात पिटाळलं होतं.

"माणसं काय, रोज दिखतस," म्हणायचे. "झाड उद्या दिखी का नही, कोन सांगी?"

गाव हसायचं. मग रस्ता रुंद करायला यंत्रं आली आणि झाडं एकामागून एक आडवी झाली. आता लोक स्टुडिओत, झाडांचे फोटो लावलेल्या आप्पांच्या भिंतीसमोर येऊन उभे राहायला लागले. "हाऊ आमना वावरजोडेना निंब!" म्हणत आपल्या शेताजवळच्या झाडावर काचेवरून बोट ठेवायचे. आमचे तात्या म्हणजे दगड माणूस, तेही त्या निंबासमोर डोळे पुसून गेले. निंब उभा होता तेव्हा त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

आप्पांचं दुसरं कसब मयताचं. कोणी गेलं की घरचे लग्नाबिग्नातला फोटो घेऊन धावत यायचे. त्या घोळक्यातून आप्पा तेवढं एक माणूस सोडवायचे, मोठं करायचे आणि दहाव्याच्या आत फ्रेम तयार ठेवायचे.

मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको, सुमनकाकू, तापाचं निमित्त होऊन गेल्या. आणि अख्ख्या गावाची मेलेली माणसं मोठी करणाऱ्या आप्पांकडे बायकोचाच फोटो निघेना. लग्नातल्या फोटोत तोंडावर पदर. आधार कार्डावरचा पाहून म्हणाले, "हाई मन्ही बायको नही, कोनी चोट्टी शे." काकू बिचाऱ्या जन्मभर "मन्हा एक फोटो काढा ना" म्हणत राहिल्या होत्या. आप्पांना झाडांतून सवड झाली नाही.

दहाव्याला गेलो तर पाटावर हार घातलेली फ्रेम होती, आणि फ्रेममध्ये चिंच. वेशीवरची, रस्त्यासाठी तोडलेली. लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. म्हातारं चळलं, असं कोणी तरी म्हणालंही.

मला राहवेना. लोक पांगल्यावर मी वाकून पाहिलं. फोटोच्या अगदी कडेला, बुंध्यापाशी, हिरव्या लुगड्याचा काठ होता आणि फडक्यात बांधलेला डबा धरलेला एक हात. बाकीच्या काकू फोटोच्या बाहेर होत्या.

"ती मन्हाकरता भाकर लई उनी व्हती," मागून आप्पा म्हणाले. "मी वरडनू, बाजू सरक. ती लगेच सरकनी."

हाराखाली तो हात अर्धा झाकला जात होता. आप्पांनी हार थोडा पलीकडे ओढला.

"एक पाऊल कमी सरकती ना भाऊ, ते तोंड दिखतं."