सासऱ्यांची चार सिलिंडर

सासरे पुढच्या आठवड्यात यायचे होते, ते आज सकाळीच येऊन थडकले. त्या वेळी दातांचे डॉक्टर, म्हणजे त्यांचे जावई, मागच्या खोलीत मोटारसायकलच्या पोटाखाली उताणे पडले होते आणि त्यांच्या तोंडात दोन स्क्रू होते. बायकोने दारातून मान आत घालून नुसतं "बाबा आलेत" म्हटलं मात्र, त्यातला एक स्क्रू डॉक्टर गिळता गिळता राहिले.

"कुठे आलेत?"

"कुठे म्हणजे? आपल्याकडे. पुढच्या खोलीत बूट काढतायत. म्हणाले, गाडी बघितल्याशिवाय चैन पडेना."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. आता सासरे गाडी बघणार म्हटल्यावर जावयाने घाबरावं कशाला, असं कुणीही विचारील. तर ती गाडी सासऱ्यांचीच होती. चार सिलिंडरची, जुन्या जमान्यातली, चालू केली की गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या अशी. सासऱ्यांनी ती पोटच्या पोरांपेक्षा जास्त जपली होती, आणि हे त्यांची पोरंच सांगायची. ओल्या हाताने तिला शिवायची कुणाची टाप नव्हती. अशी ती गाडी वापराविना बंद पडली, आणि गेल्या वर्षी त्यांनी ती अचानक फोन करून जावयाला देऊन टाकली. का दिली ते कुणालाच कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती, कारण देताना त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं. "मूळची आहे तशी उभी करायची. एक स्क्रू जरी इकडचा तिकडे केलात, तर त्याच दिवशी परत घेऊन जाईन."

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं असतं. पण सासऱ्यांचा अख्खा जन्म दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात गेला होता. कुणाच्या दुकानात त्यांनी चहाचा घोटसुद्धा घेतला नाही, आणि चूक सापडली तर सख्ख्या मेव्हण्याचा तराजूही उचलून नेला होता. असा माणूस घेऊन जाईन म्हणाला की तो घेऊन जायचाच.

आणि डॉक्टरांना तर गप्प बसवत नव्हतं. हा माणूस स्वभावाने गरीब, व्यसन नाही, बाहेरचा नाद नाही, पण त्याला सुधारणा करायची खोड होती. धडधाकट वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. बाथरूमचं दार सगळ्या जगात आत उघडतं, ते त्यांनी जागा वाचवायला म्हणून बाहेर उघडणारं करून घेतलं होतं. तेव्हापासून घरातल्या बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाने ते एकेकदा कपाळावर घेतलं होतं.

सुरुवातीला डॉक्टर फार सज्जनपणे वागले. गाडी सुटी करून, एकेक भाग उचलून त्यांनी मागच्या खोलीत आणला. कार्बोरेटरची बारीक भोकं दात कोरायच्या सुयांनी साफ केली. दवाखान्यात आ वासून बसलेल्या पेशंटांना त्यांनी पिस्टनच्या कड्यांबद्दल इतकं ऐकवलं, की काहींनी दुसरा डॉक्टर बघितला. पण एक दिवस त्यांना वाटलं, सीट जरा उंचच आहे. डॉक्टर स्वतः बुटके. मग सीट खाली घ्यायला त्यांनी मागची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, कापली. मग हँडल अरुंद वाटलं, म्हणून चांगलं लांबरुंद आणलं. मग चार सायलेन्सर कशाला, चारांचा मिळून एकच करून टाकू म्हणाले. नळ्या बदलता आल्या असत्या, हँडल बदलता आलं असतं. पण कापलेलं लोखंड म्हणजे काढलेला दात, ते पुन्हा उगवत नाही. आणि एवढं करून गाडी अजून चालू झालेली नव्हती. रोज बटण दाबायचं, दोन सिलिंडर खोकायची, बाकीची दोन ढिम्म.

तरी तिच्यावर त्यांचा जीव जडला होता. सकाळी डोळे उघडले की ते आधी मागच्या खोलीत जात, चहा नंतर. ती गेली तर आपल्याला घरात करमणार नाही, हे त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोला त्याचा थोडा रागही आला होता.

"सरळ सांगून टाका बाबांना," ती आता म्हणाली.

"वेड लागलंय का? गाडी पॉलिशला दिलीय असं सांगू."

"मी खोटं बोलणार नाही."

"तू बोलूच नकोस. नुसती गप्प राहा."

"ते त्याहून अवघड आहे," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

सासरे पुढच्या खोलीत ताठ बसले होते. त्यांनी जावयाच्या हातावरच्या ग्रीसकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"गाडी कुठंय?"

"पॉलिशला दिलीय, बाबा."

"अख्खी?"

"तो म्हणाला, सगळी एकदमच द्या. म्हणजे कसं, चकाकी सारखी येते."

"असं," सासरे म्हणाले. त्या 'असं'ने मोठमोठ्या व्यापाऱ्यांना घाम फुटला होता, डॉक्टर तर साधे दातांचे. "बरं, मग मी बॅग मागच्या खोलीत टाकतो."

"नको," डॉक्टर जवळजवळ किंचाळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आधी आंघोळ उरकून घ्या ना. पाणी चांगलं तापलंय. तोवर मी खोली आवरतो."

सासऱ्यांना गरम पाण्याचा मोह होता, देवाची कृपा. ते टॉवेल घेऊन बाथरूममध्ये शिरले, आतून पाण्याचा आवाज आला, आणि डॉक्टर मागच्या खोलीकडे धावले. बेत सोपा होता. गाडी बोळातून ढकलत मागच्या अंगणात न्यायची आणि वर चादर टाकायची. हँडलचं कुलूप उघडायला घाईत चावी फिरवली ती पूर्ण फिरली आणि इंजिनाचा दिवाही लागला, पण दिव्याकडे बघायला वेळ कुणाला होता? बायको पुढून ओढू लागली, डॉक्टर मागून ढकलू लागले. हँडल वाकडं करून गाडी खोलीच्या दारातून सुटली आणि बोळाला लागली.

इथे एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानातच आली नव्हती. गाडी या खोलीत आली होती ती तुकड्या-तुकड्यांनी. अख्खी अशी ती या बोळातून कधी गेलीच नव्हती, आणि नव्या हँडलानिशी तर नाहीच. बाथरूमसमोर वॉशिंग मशीन होतं. हँडलाचं एक टोक मशीनच्या कडेत घुसलं, दुसरं बाथरूमच्या दाराला टेकलं, आणि गाडी मध्ये पाचर मारल्यासारखी बसली.

"मागे घ्या," बायको कुजबुजली.

डॉक्टरांनी मागे ओढली. स्टँड उघडून मशीनच्या पायात अडकला. आता गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. बायको एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, आणि बाथरूमच्या आतलं पाणी थांबलं.

कडी निघाल्याचा आवाज आला. दार बोटभर हललं आणि अडलं.

"डॉक्टर," आतून आवाज आला, "दार उघडत नाहीये."

"लाकूड फुगलंय, बाबा. पाण्यानं. नेहमीचंच आहे."

"लाकूड फुगलं तर दार करकरतं. हे टण्ण वाजतंय."

"आतलं पत्र्याचं आहे ना," डॉक्टर म्हणाले. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "जरा थांबा. जोर लावू नका. अगदी एक मिनिट लागेल, काही त्रास होणार नाही." हे ते पेशंटांनाही म्हणायचे, आणि पेशंटांप्रमाणेच सासऱ्यांचाही त्यावर विश्वास बसला नाही.

"बाजूला व्हा," सासरे म्हणाले, "मी खांदा लावतो."

"बाबा, नको."

सासऱ्यांनी खांदा लावला. दार फार नाही, इंचभर पुढे आलं. पण दाराची मूठ नेमकी हँडलाच्या उजव्या टोकावर बसली, आणि त्या टोकाला होतं चालू करायचं बटण. गाडी एकदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. आणि मग, इतके महिने मिनतवाऱ्या करून जी ढिम्म हलली नव्हती ती गाडी चारही सिलिंडरांनी एकसुरात गरजली. कपाटावरचे डबे थरथरले. बोळात निळा धूर भरला.

डॉक्टरांना रडावं की नाचावं ते कळेना. चारही लागली होती. एकही चुकत नव्हतं. हा आवाज ऐकायला त्यांनी काय काय केलं होतं, आणि तो आता यावा? त्यांचे डोळे भरून आले, त्यात थोडा धूरही होता.

"बंद कर," ते ओरडले, "चावी फिरव. धूर आत जाईल."

"कुठली चावी?"

"घड्याळांच्या मधली. डावीकडे फिरव."

"माझं डावं की तुमचं?"

"कुठलंही फिरव, बाई."

बायकोने फिरवली. गाडी थांबली. घरात अशी शांतता पसरली की नळाचं टपटपणं ऐकू येऊ लागलं. सासरे ओरडले असते तर परवडलं असतं.

"बाबा?" बायकोने घाबरून हाक मारली. "बरे आहात ना?"

"मी बरा आहे," सासरे अगदी हळू म्हणाले. "चार नळ्यांचा आवाज एकाच नळीतून येतोय."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी गाडीवरून पान्हा बायकोच्या हातात दिला आणि हँडलाचे बोल्ट कुठे आहेत ते सांगितलं. आयुष्यात तिने पान्हा धरला नव्हता, पण वडील आत टॉवेलवर कुडकुडतायत म्हटल्यावर तिने दात-ओठ खाऊन ते बोल्ट सोडवले. हँडल सुटून तारांना लोंबकळलं, दार उघडलं, आणि ओल्या केसांचे सासरे तिरके होऊन बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"अंगणात घ्या," एवढंच म्हणून ते कपडे घालायला गेले.

अंगणात उजेडात गाडी उभी केली. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. फेरी चालू असताना डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते.

"हे हँडल?"

"मी आणलं."

"सायलेन्सर?"

"मीच."

"सीट?"

"खाली घेतली. चासी कापून." डॉक्टरांनी हात जोडले. "बाबा, माझं चुकलं. तुम्ही बजावून सांगितलं होतं. आता मला बोलायला तोंड नाही. तुम्ही न्याल तर न्या, पण एक सांगतो, वाईट मनानं नाही केलं. जीव लावला हो मी हिला."

सासऱ्यांनी सीटवर हात ठेवला. मग टाकीला धरलं आणि उजवा पाय उचलला. पाय थरथरला, मध्येच अडला, आणि सीटवरून पलीकडे गेला. ते बसले. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले होते. सासरे स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

"बाबा," मुलगी पुढे झाली, "तुमचा गुडघा."

"पाय वर जात नव्हता," सासरे टाकीकडे बघत म्हणाले. "रोज दुपारी, कुणी नसताना बघायचो. जायचाच नाही. एकदा पडलो, तुझ्या आईनं पाहिलं. मग म्हटलं, नुसती समोर उभी राहून डिवचण्यापेक्षा गेलेली बरी."

हे कुणाला माहीत होतं? या करारी माणसाबद्दल आपण काय काय समजून बसलो होतो, याची डॉक्टरांना लाज वाटली.

"म्हणजे, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? सीट खाली घ्यायची एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. शाबास, डॉक्टर. काम झकास केलंत."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांच्या तोंडून शाबास हा शब्द त्यांच्या पोरांनीही ऐकला नव्हता. डॉक्टर भिंत सोडून पुढे आले, चासी कुठे कापली, जोड कसा दिला, सगळं भडाभडा सांगत सुटले. सासरे मन लावून ऐकत होते, मान डोलावत होते. शेवटी डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले, "बाबा, आता केव्हाही या. मनाला येईल तेव्हा चालवा. गाडी तुमचीच समजा."

"समजतो की," सासरे म्हणाले. "उद्या सकाळी निघतो हिच्यावरनंच. बॅग तुम्ही मागाहून पाठवा."

डॉक्टर क्षणभर हसतच होते. मग हसू हळूहळू उतरलं. "म्हणजे, घरी?"

"मग कुठे?"

"पण तुम्ही ती मला दिली होती ना, बाबा?"

"दिली होती ती उंच गाडी," सासरे शांतपणे म्हणाले. आयुष्यभर तराजू तपासलेला माणूस, त्याच्या बोलण्यात गुंजभर फरक नव्हता. "ती आणून दाखवा आणि खुशाल ठेवून घ्या. मी कुठे नाही म्हणतोय?"

डॉक्टरांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती लोंबकळणारं हँडल पुन्हा जागेवर बसवत होती, आणि आता पान्हा तिच्या हातात चांगलाच बसला होता.

"बाबा, बोल्ट किती आवळू?"

"चांगले आवळ," सासरे म्हणाले, "लांब जायचंय."