चौथी चकती

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मास्तरांच्या उजव्या गुडघ्यावर चार चकत्या चिकटवल्या गेल्या आणि त्यातली चौथी ओळ सोडून तिरपी होती. बाकीच्या तीन नीट होत्या, म्हणून तर चौथी जास्तच डोळ्यांत खुपत होती. बेचाळीस वर्षं लोकांच्या कॉलरी आणि खिसे सरळ करत आलेल्या शिंप्यानं स्वतःच्याच पायावरचं असलं काम बघत पडून राहायचं, म्हणजे शिक्षाच. स्कॅन झालं, सिस्टर त्यांना खाटेवर सोडून गेल्या आणि मास्तरांचा हात गुडघ्याकडे सरकला.

"हात लावू नका," बायको वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाली.

"खाजवतोय."

खाजवत नव्हते. नखानं कड उचलून त्यांनी चकती सोडवली, जराशी वर आणि जराशी उजवीकडे घेतली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. मान मागे घेऊन पाहिलं. चारही एका ओळीत आल्या. फार दिवसांनी हातून एखादं काम मनासारखं झाल्याचं समाधान त्यांना मिळालं.

फार दिवसांनी म्हणायचं कारण, कापड कापायच्या टेबलाशी दहा मिनिटं उभं राहिलं की गुडघा ठणकायला लागायचा. शिवायचं काम बसून होतं, कापायचं होत नाही. वर्षभर मास्तर दुसऱ्याकडून कापड कापून आणत होते, म्हणजे कात्री दुसऱ्याची आणि गिऱ्हाइकाची बोलणी यांना. ऑपरेशनची तारीख आठ महिन्यांनी मिळाली होती. ती हुकली असती तर पुन्हा तेवढेच महिने थांबावं लागलं असतं, आणि तोवर दुकान तग धरेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

आता त्या चकत्यांविषयी. डॉक्टरांनी नवा चष्मा घेतला होता. तो घातला की स्कॅनमधलं हाड थेट पेशंटच्या पायावर दिसायचं, कातडी जणू काचेची असावी तसं. हाड नेमकं कुठे दाखवायचं ते चष्म्याला त्या चार चकत्यांवरून कळायचं, म्हणून स्कॅननंतर त्या जागच्या हलता कामा नयेत. हे सगळं सकाळी मास्तरांना समजावून सांगण्यात आलं होतं. पण सांगणाऱ्यानं ते फॉर्मकडे बघत सांगितलं, त्यामुळे जे काही समजलं ते फॉर्मलाच समजलं असावं.

ऑपरेशनच्या खोलीत भूल देण्याआधी डॉक्टरांनी चष्मा चढवला. शेजारच्या खोलीत इतर हॉस्पिटलांतून आलेले आठ पाहुणे डॉक्टर मोठ्या पडद्यासमोर बसले होते. चष्म्यातून जे दिसतं तेच त्यांनाही दिसत होतं. पडद्यावर पाय आला, हाड आलं, पण हाड पायाच्या अर्धा इंच बाहेर आलं. वरातीत नवरदेव घोड्याच्या शेजारून चालावा, तसं ते पायाच्या शेजारी राहिलं.

चष्म्याच्या कंपनीचा इंजिनियर धावत आला. त्यानं बॅटरी बदलली. मग दिवे कमी केले, मग पुन्हा वाढवले. शेवटी घसा खाकरून त्यानं अतिशय अदबीनं सुचवलं की कधीकधी बघणाऱ्याच्या डोळ्यांचा नंबर बदललेला असतो. पंचवीस वर्षं गुडघे उघडत आलेले डॉक्टर चष्मा काढून निघाले. खाली डोळ्यांच्या विभागात गेले आणि वीस मिनिटांनी परत आले. नंबर निघाला होता, पण तो वाचायचा. दरम्यान त्यांच्या मदतनीस डॉक्टरीणबाईंनी चष्मा घालून पाहिला, तर त्यांनाही हाड बाहेरच दिसलं. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता. फक्त डॉक्टरांना चाळिशी लागल्याची बातमी तेवढ्यात आठही पाहुण्यांना समजली होती.

"चकत्या हलल्या असतील का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

इंजिनियरनं वाकून पाहिलं. "छे. बघा की, किती सुबक बसल्यात. एका रेषेत आहेत."

मास्तरांना क्षणभर बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी सकाळची चौथी चकती आठवली. घोडं कुठे पेंड खातंय ते त्या खोलीत आता एकट्या त्यांना कळलं होतं. सांगावं तर चकत्या पुन्हा लावा, पुन्हा स्कॅन करा आणि स्कॅनचं मशीन तर संध्याकाळपर्यंत भरलेलं. तसं सिस्टर मघाशीच कुणाला तरी म्हणाल्या होत्या. म्हणजे आपल्याच हातानं तारीख घालवल्यासारखं होईल. न सांगावं तर ही शिकलेली माणसं काहीतरी मार्ग काढतीलच. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि भूल न मिळताच भूल मिळाल्यासारखे पडून राहिले.

मार्ग निघाला, पण भलताच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सकाळपासून गुडघ्याला सूज आली असेल, म्हणून हाड आणि पाय जुळत नाहीत. टेप मागवण्यात आला. सकाळी घेर साडेचौदा इंच लिहिलेला होता, आता पावणेसोळा भरला. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"सूज असेल तर आज नको," ते म्हणाले. "यांना पुढची तारीख द्या."

आता आली पंचाईत. ही सूज मास्तरांना सांभाळून घेणार होती. ती राहू दिली असती तर चकतीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नसतं, आठ महिने गेले असते पण अब्रू राहिली असती. पण डोळे किलकिले करून त्यांनी टेपकडे पाहिलं आणि मग त्यांच्यानं गप्प राहवेना.

"टेप ढिला धरलाय," ते म्हणाले. "आणि मागून खाली घसरलाय. द्या इकडे."

पडल्या पडल्या त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला टेप घातला, आत एक बोट सरकवून पाहिलं आणि आकडा दाखवला. साडेचौदा. सूज नव्हती. बॅटरी, दिवे, डोळे आणि सूज एवढं सगळं संपलं, आता उरल्या फक्त चकत्या. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मास्तर छताकडे बघत होते.

"चौथी मी हलवली," ते म्हणाले. "तिरपी होती."

इंजिनियर रागावण्याच्या बेतात होता, पण डॉक्टरांनी हात वर केला.

"किती हलवली?"

"पाव इंच वर, आणि दोन सूत, म्हणजे तेवढीच, उजवीकडे. होती तशी लावू?"

"हात लावू नका," खोलीतले सगळे एकदम म्हणाले.

डॉक्टरांनी हातमोजा काढून मास्तरांनी सांगितलं तिथे बोट फिरवलं. जुन्या डिंकाचा गोल वळ बरोबर तिथेच लागला. चकती त्या वळावर परत बसली, तिरपीच. चष्मा चढला आणि हाड पायात येऊन बसलं. डॉक्टरांनी बोथट सळईनं कातडीवरूनच हाडाचे चार उंचवटे एकेक करून तपासले, चारही जुळले, आणि मगच त्यांनी भूल द्यायला सांगितलं. शेजारच्या खोलीत इंजिनियर पाहुण्यांना सांगत होता की पाव इंचाची चूकसुद्धा या चष्म्यातून सुटत नाही, आणि पाहुणे वहीत लिहून घेत होते.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन महिन्यांत टेबलाशी उभे राहाल, असं सिस्टरांनी सांगितलं तेव्हा बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि मग सकाळच्या खाजवण्याचा विषय काढला. तो अर्धा झाला असेल तोच डॉक्टर आत आले. चष्मा नव्हता, सोबत कुणी नव्हतं. मास्तरांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण डॉक्टरच आधी बोलले.

"आज सहा जणांनी तुमच्या गुडघ्याकडे पाहिलं, आठ जणांनी पडद्यावर पाहिलं. तुम्ही बोलेपर्यंत तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

"आमच्यात गिऱ्हाइकाला आधी विचारतात," मास्तर संकोचानं म्हणाले. "कुठे काचतंय म्हणून."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि खाटेला लागून बसले.

"मग सांगा, कुठे काचतंय?"

आठ महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मास्तर उशीला टेकून सावरून बसले. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. माप नेहमी वरून घ्यायचं असतं, म्हणून सुरुवात मानेपासून केली. बायको मागून खुणा करत होती, पण डॉक्टर उठले नाहीत. पाऊण तासानं मास्तर कमरेपर्यंत पोचले होते, आणि गुडघा अजून बराच लांब होता.