दोन वाजताचा घातपात

"अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माह्यासारखं डोकं सापडनार नाही," असं शेषराव स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबायला त्यांना वेळ नसे. राजापेठेतल्या त्यांच्या फाटकावर पाटी होती: 'शेषराव, खाजगी गुप्तहेर. गुपचूप आत यावे.' मदतनीस म्हणजे पुतणी सीमा. पगार नाही, सुट्टी नाही आणि नात्यामुळे राजीनाम्याचीही सोय नाही.

सीमा घरच्या संगणकावर लग्नपत्रिका बनवायची. त्यातला पंखा घरघरतो म्हणून काकांनी सोमवारी तो उपटून फेकला आणि उघड्या डब्यासमोर न्हाणीघरातला जुना एक्झॉस्ट पंखा तारेनं आवळून बांधला. वारा असा सुटला की सीमाचे कागद थेट स्वयंपाकघरात. पण तेव्हापासून रोज दुपारी दोनच्या सुमारास संगणक तापून बंद पडायचा. दोन वाजत आले की काका सगळ्यांना खोलीबाहेर हाकलायचे, पुरावे तुडवले जाऊ नयेत म्हणून.

आज गुरुवार. तीनपर्यंत पत्रिका पोचली नाही, तर अकोल्याचे खुशालराव काम दुसऱ्याला देणार होते. सीमाची ही पहिली मोठी ऑर्डर.

"व्हायरस!" काका भिंग रोखून म्हणाले. मग म्हणाले, "उंदीर!" मग आवाज खाली आणून, "अकोल्याचा माणूस. दोन वाजता इथं येऊन जाते."

"काका, तो दिसत काहून नाही मंग?"

"तेच तर! पक्का मुरलेला हाय. चाल, बाहेर हो."

सीमा हलली नाही. म्हणूनच पंखा थांबताना तिला दिसला. तिनं वायर धरली आणि तिच्या मागोमाग थेट खिडकीतल्या कूलरच्या बोर्डापाशी पोचली. तिथं गोदाकाकू पाइप धरून उभ्या.

"काकू, बटन तुमी बंद केलं?"

"मंग! पानी भरून राहिली ना. टाकी भरेपर्यंत अर्धा घंटा जाते. शॉक लागू देऊ का?"

"कोनाच्या हुकुमावरून?" काका गरजले.

काकूंनी ठिबकणारा पाइप कूलरवर चिकटवलेल्या कागदाकडे वळवला. 'पाणी भरण्याआधी बटन बंद करणे. हुकुमावरून, शेषराव.'

"आन् पंख्याची पिन या बोर्डात कोनं खोसली?" काकूंनी विचारलं.

काका भिंग पुसू लागले.

सीमानं पिन दुसरीकडे लावली. तीनला दहा कमी असताना पत्रिका गेली. "झकास!" असा खुशालरावांचा निरोप आला, तेव्हा सीमा एकटीच खो खो हसत सुटली.

संध्याकाळी काका फाटकाशी उभे राहून शेजाऱ्याला सांगत होते, "गुन्हेगार लय हुशार होता, राजा. शेवटपर्यंत मले त्याचा संशयच आला नाही."