सासूबाईंचा राहिलेला अर्धा सिनेमा

सासूला खूश करणं ज्यांना अवघड वाटतं त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावावी, असं मी परवापरवापर्यंत म्हणत होतो!

माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई, पंच्याऐंशीच्या पुढच्या. नव्या नवरीच्या काळात सासऱ्यांनी, म्हणजे कैलासवासी रामरावांनी, त्यांना मलकापूरच्या टॉकीजमध्ये सिनेमा दाखवला. पण अर्धाच! तेव्हा मध्यंतराची घंटा झाली की शेवटची गाडी गाठायला त्यांचं अख्खं गाव उठायचं.

"जवाईबापू, त्या बाईले नवऱ्यानं घराबाहेर काढलं, आन तेवढ्यात घंटा झाली! पुढं तिचं काय झालं, एवढं मराच्या आधी मले पाहू द्या."

"झालंच समजा!" मी छातीवर हात मारला.

"टीव्हीवर लावून द्या न सरळ," माझी बायको वंदना म्हणाली.

छे! करायचं तर थाटात! त्या टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय, तेच ठरवलं. स्टेजवर पांढरा पडदा, बायका-पुरुषांच्या मधे तेव्हासारखीच कनात, पुड्यांत फुटाणे आणि मध्यंतरासाठी शाळेतून मागून आणलेली पितळी घंटा! गावातली त्या वेळची जेवढी मंडळी शिल्लक होती, तेवढी शेजारच्या गोकुळच्या मिनीबसमधून आणवली.

पहिला भाग झकास झाला. कनातीच्या अलीकडे खोकला, पलीकडे हुंदके. पडद्यावरच्या बाईला घराबाहेर काढलं आणि मी ऐटीत टोला दिला. ठण्ण!

चहाची किटली घेऊन वळतो तर काय, हॉल रिकामा! धोतरं, लुगडी, काठ्या, सगळं दाराबाहेर! सासूबाई सवयीनं उठल्या, "चला, गाडी चुकते!" म्हणाल्या, आणि अख्खं गाव मागोमाग उठलं. मी धावत बाहेर आलो तोवर मिनीबस धूळ उडवत निघालेली.

स्कूटरला किक मारली. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून बस सापडली!

"गोकुळ, काऊन निघाला बे?"

"काका, सारे येऊन बसले, मले वाटलं संपला!" गोकुळचे डोळे ओले. "हळू बोला न, आजी शेवट सांगून राह्यली."

आत सासूबाई रंगात आलेल्या. त्यांच्या शेवटात ती बाई शिवणाचं दुकान टाकते, नवरा सदरा शिवायला येतो, तिला ओळखतो, आणि ती त्याला सदऱ्यासाठी भरपूर चकरा मारायला लावून मग माफ करते. बसमध्ये टाळ्याच टाळ्या! मी हातापाया पडून सगळ्यांना परत आणलं.

खरा शेवट सुरू झाला. ती बाई मेली! नवरा रडत बसला आणि सिनेमा समाप्त.

एवढ्या वर्षांची इच्छा, आणि मी म्हातारीला हे दाखवलं! कुठं तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात कनातीच्या अलीकडून सासऱ्यांचे जुने दोस्त माणिकराव बोलले, "वयनी, आता सांगतो. त्या दिवशी गाडी लय लेट होती, अन् रामरावले ते माहीत होतं. हा सिनेमा त्यानं आदल्या बाजाराच्या दिवशीच पाह्यला होता. म्हने, ती मरते हे माह्या सत्यभामेले पाहू द्याचं नाही."

"म्हनून मले फलाटावर तेवढा येळ बसोलं?" सासूबाई थक्क. "भजे खाऊ घातले, आन म्हने, आता तूच सांग पुढं काय झालं असन! तेच त मी आजवर सांगून राह्यली!" डोळे पुसता पुसता त्या हसायला लागल्या. "लबाड मानूस!"

कनातीच्या दोन्ही बाजू हसल्या. मीही हसलो.

निघताना त्या म्हणाल्या, "जवाईबापू, पुढच्या रविवारी दुसरा लावा. पन घंटा झाल्यावर आमच्या मांगं येऊ नका!"

तेव्हापासून दर रविवारी माझं काम एवढंच. घंटा वाजवायची, आणि फाटक उघडं असलं तरी आजीची गोष्ट संपेपर्यंत बस हळू चालव, असं गोकुळला बजावायचं. सिनेमाचा खरा शेवट पाहायला हॉलमध्ये मी एकटाच उरतो. तोही बसमध्ये जागा मिळत नाही म्हणून!