एका दिवसाच्या मुली

संक्रांतीच्या आठ दिवस आधी बोरखेडी तालुक्यात अशी बातमी पसरली की यंदाची संक्रांत वाघावर बसून येत आहे, तिच्या हातात भाला आहे आणि तिची नजर एकुलता एक मुलगा असलेल्या आयांवर आहे. उपाय एकच : दोन मुलगे असलेल्या बाईकडून हिरव्या बांगड्या भरून घेणे.

तहसील कचेरीतले अव्वल कारकून शेषराव मुळीच घाबरले नाहीत, कारण तसं पत्र वरून आलं नव्हतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पत्राशिवाय दुष्काळही मानला नव्हता. त्यांनी फलकावर सूचना लावली : 'तालुक्याच्या हद्दीत संक्रांत, तिचे वाहन अथवा भाला आढळून आलेला नाही.'

भाजीवाल्या माणिकबाईने ती दोनदा वाचली.

"आढळली नाई म्हन्ते. येनार नाई असं कुठं लिवलं? अन् सरकार उगाच पाटी लावते काय?"

दुपारपर्यंत संक्रांत सरकारी झाली.

दोन मुलगे असलेल्या सुभद्राबाईने सत्तर जणींना बांगड्या भरल्या आणि मग हात आखडला. तीन-तीन मुलांच्या आयाही खबरदारी म्हणून येऊन जात होत्या. तिने पुरावा मागितला. तेव्हा शेषरावांनी 'एकुलता पुत्र दाखला' सुरू केला. सोबत रेशन कार्ड, दोन फोटो आणि दुसरा मुलगा नसल्याचं शपथपत्र. त्याला दुसऱ्या मुलाची हरकत नसल्यास तसा शेरा.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीतल्या रागिणीताई खिडकीशी आल्या.

"भाऊ, मले दोन पोरी हायेत. माह्यावर संक्रांत येते का नाई?"

शेषरावांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "बाई, तुमचा रकानाच नाई."

"म्हंजे भेवाच्या यादीतई पोरीच्या मायले जागा नाई?"

शेषरावांना खरोखर वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते शिक्का मारत. त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं : 'पुत्र : निरंक. संक्रांत : लागू नाही', आणि गोल शिक्का उमटवला.

बाहेर रांगेतल्या बायकांनी तो कागद हातोहात वाचला. 'लागू नाही' पाशी सगळ्यांची बोटं थांबली. पाच मिनिटांत माणिकबाई खिडकीशी.

"साहेब, माह्या नितेशले एका दिवसाची पोरगी लिवा."

"बाई, नितेशले मिशा हायेत!"

"कागदावर कुठं दिसते?"

शेषरावांनी नियम चाळले. मनाई कुठेच नव्हती. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तालुक्यातले आठशे बारा मुलगे मुली झाले, त्यांत खुद्द तहसीलदारसाहेबांचा अनुपही होता.

संक्रांत गोडीगुलाबीत पार पडली. वाघ आला नाही. पहिलं हळदीकुंकू रागिणीताईंना लावायचं, अशी टूम निघाली, कारण अस्सल पोरींची माय तीच. धाकटीने विचारलं, "आई, आज सारे आपल्याच घरी काहून येऊन राहिले?" रागिणीताईंनी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे किंक्रांत. करीला कोणी शुभ काम काढत नाही, कचेरीत माशा मारायच्या असतात. पण सकाळी आठलाच रांग फाटकाबाहेर गेली होती. सगळ्यांना दाखले रद्द करून हवे होते, आजच, जेवणाच्या सुट्टीआधी. सर्वांत पुढे एक प्राध्यापक होते, अमरावतीत नोकरी, घर बोरखेडीत.

"माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही," ते म्हणाले. "घरच्यांच्या आग्रहाखातर केलं. पण लवकर रद्द करा. कागदावरसुद्धा मुलगी राहिलेली बरी नाही."

"संक्रांत तर गेली, सर. आता भेव कायचं?"

प्राध्यापक घड्याळ पाहू लागले. शेषराव रांगेकडे पाहून ओरडले, "ज्यायचा विश्वास नाई अन् घरच्यांसाठी आले, त्यायनं डावीकडं उभं राहा!"

अख्खी रांग डावीकडे सरकली. वाचकहो, तुम्हीही जरा सरकून घ्या. मागून अजून लोक येत आहेत.